पाणी काढायला अर्धं आयुष्य गेलं, आणि जीव म्हणे पाण्यातच झाला

एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, मी बीएस्सी सेकंड इयरला आहे. मिलरचा प्रयोग, वायूंत ठिणगी टाकून अमिनो आम्लं बनवायचा, बारावीत शिकलो. पण परवा एका व्याख्यानात ऐकलं की त्यानंतर सत्तर वर्षांत पुढे काहीच झालं नाही, एक साधं प्रोटीन योगायोगाने बनण्याची शक्यता एकावर १३० शून्यांमध्ये एक, आणि पाश्चरने तर सिद्धच केलंय की जीव जीवापासूनच होतो. मग निर्जीवातून जीव हे केमिस्ट्री खरंच एक्सप्लेन करते का, की आपण नुसता विश्वास ठेवायचा?"

आधी माझं उत्तर सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नाही वाचलंस तरी चालेल. सुटे भाग बनवणं बरंचसं जमलंय, ते भाग जोडणं थोडंफार जमलंय, आणि मध्ये कोणी नळ न फिरवता, बाटल्या न बदलता सगळं आपापलं एका भांड्यात होणं अजून जमलेलं नाही. अडलंय ते "केमिस्ट्रीत हे बसतच नाही" म्हणून नाही, क्रम आणि परिस्थिती सापडत नाही म्हणून अडलंय. या दोन्हींत फार फरक आहे आणि व्याख्यानं देणारे लोक नेमका तोच फरक गिळून टाकतात.

आता मी हे कुठून बोलतोय ते सांगतो. मी ओरिजिन ऑफ लाइफवाला नाही. वीसेक वर्षं मी पोटासाठी आरएनए बनवतोय, वीस-एकवीस अक्षरांचे (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक दुवा) छोटे तुकडे, जे हल्ली औषधात जातात. हे काम कसं असतं बघ: एक कॉलम, त्यात पांढरी पावडर, त्या पावडरीला पहिलं अक्षर चिकटवलेलं. मग एकेक अक्षर जोडत जायचं. प्रत्येक अक्षराच्या टोकावर एक टोपी असते, डीएमटी म्हणतो आम्ही, ती अॅसिडने काढली की कॉलममधून झक्क केशरी रंग उतरतो. तो केशरी किती गडद आहे त्यावरून कळतं मागचं कपलिंग (म्हणजे जोडणी) किती नीट झालं. नवीन पोरं मशीनच्या ग्राफकडे बघतात, मी अजून आधी त्या नळीतल्या रंगाकडे बघतो.

आणि या कामात एक नंबरचा शत्रू म्हणजे पाणी. सॉल्व्हंटमधलं पाणी आम्ही पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग) मोजतो, रोज सकाळी कार्ल फिशर ही पाणी मोजायची चाचणी लावून. एका जुलैमध्ये अॅसिटोनायट्राइलच्या ड्रमचं झाकण कोणीतरी सैल ठेवलं, दोन दिवस हवा दमट, आणि कपलिंग ९९ टक्क्यांवरून ९५ वर आलं. ऐकायला चारच टक्के, पण वीस वेळा जोडायचं असतं ना, ९९ ने वीस वेळा गेलं तर शेवटी ८२ टक्के माल हाती लागतो आणि ९५ ने गेलं तर ३६. अख्खी बॅच ओतून द्यावी लागली. म्हणून मी नवीन असताना मला कोणी म्हणालं की आरएनए आपोआप पाण्यात तयार झालं, तर मी हसायचो. तुझ्या व्याख्यानवाल्यांपेक्षा मी जास्त कट्टर होतो खरं तर, कारण माझ्याकडे फेल गेलेल्या बॅचेस होत्या.

मग मत का बदललं? एक कारण अगदी धंद्यातलं आहे. मला हवं असतं एकच सीक्वेन्स (अक्षरांचा क्रम), एकाच प्रकारचे जोड, आणि ९५ टक्क्यांवर प्युरिटी. म्हणजे गिऱ्हाइकाने स्पेसिफिकेशन दिलेलं असतं. पृथ्वीला कोणी स्पेसिफिकेशन दिलं नव्हतं. माझी जी बॅच फेल गेली तिच्यात आरएनए नव्हतं असं नाही, हव्या त्या आरएनएबरोबर अर्धवट तुकड्यांची खिचडी होती. आणि सुरुवातीला खिचडीच लागते, कारण निवड करायला आधी विविधता पाहिजे.

आता तो एकावर १३० शून्यांचा आकडा. तो येतो कुठून तर शंभर अमिनो आम्लांची साखळी (प्रोटीन म्हणजे अशी साखळीच) घ्यायची, प्रत्येक जागी वीस पर्याय, वीसचा शंभरावा घात, झालं. गणित बरोबर आहे, पण त्यात गृहीत काय धरलंय तर एकच साखळी चालेल, आणि ती एका फटक्यात बनली पाहिजे. दोन्ही चुकीचं. हे प्रयोगाने तपासलेलं आहे. १९९३ मध्ये बार्टेल आणि शोस्टाक यांनी जवळजवळ एकावर पंधरा शून्यं इतके रँडम सीक्वेन्सवाले आरएनए रेणू घेतले, आणि त्यातून दोन आरएनए तुकडे जोडून देणारे रेणू निवडून काढले. एक नाही, वेगवेगळे बरेच. एकावर पंधरा शून्यं हे ऐकून घाबरू नकोस, मी वजन काढून बघितलंय, त्या लांबीचे एवढे रेणू म्हणजे एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, वजनकाट्यावर ठेवलं तर दिसायचंही नाही. नंतर २००१ मध्ये कीफ आणि शोस्टाक यांनी रँडम प्रोटीनांवर तेच केलं आणि एटीपीला (पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला) धरून ठेवणारी प्रोटीनं साधारण एकावर अकरा शून्यांमध्ये एक या प्रमाणात सापडली. एकावर १३० शून्यं कुठे आणि अकरा कुठे. काम करणारा रेणू दुर्मिळ आहे, पण लॉटरीच्या तिकिटाइतका दुर्मिळ, अशक्य नाही.

पाश्चरचं लवकर आटपतो. त्याने दाखवलं की उकळलेल्या रश्श्यात बाहेरची धूळ जाऊ दिली नाही तर जंतू होत नाहीत. बरोबरच आहे, त्यावर आपली सगळी निर्जंतुक इंजेक्शनं उभी आहेत. पण एका फ्लास्कमधला रस्सा आणि कोट्यवधी वर्षांचा ज्वालामुखी, उल्का, अतिनील किरणांखालचा अख्खा ग्रह हे दोन वेगळे प्रयोग आहेत. आणि "मग आज का होत नाही" याचं उत्तर डार्विनने १८७१ मध्येच एका खासगी पत्रात दिलंय, की आज असं काही कोमट डबक्यात बनलं तरी आधीच असलेले जीव ते खाऊन टाकतील. बिनझाकणाचा पेढा मुंग्यांच्या वारुळाशेजारी ठेवून पेढा का उरत नाही विचारण्यासारखं आहे ते.

मिलरनंतर काही झालं नाही हे तर सरळ खोटं आहे. मिलरचा प्रयोग १९५३ मध्ये छापून आला. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन, पाण्याची वाफ आणि ठिणगी. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी झालं, आठवड्याने गडद लाल आणि गढूळ. त्यात ग्लायसीन, अॅलनीन वगैरे सापडलं, पण घातलेल्या कार्बनचा बराच भाग डांबरासारखा चिकट काळा गाळ झाला, हे पुस्तकात कोणी ठळक लिहीत नाही. मिलर २००७ मध्ये गेला, आणि त्याच्या जुन्या बाटल्या त्याच्या शिष्याने, जेफ्री बाडाने, २००८ मध्ये आजच्या मशीनवर चालवल्या तर ज्वालामुखीच्या वाफेसारखा सेटअप होता त्या नमुन्यांत २२ अमिनो आम्लं निघाली. म्हणजे माल तेव्हाही होता, मोजणारं यंत्र नव्हतं. त्याहून मजा म्हणजे २०२१ मध्ये स्पेन आणि इटलीच्या लोकांनी हाच प्रयोग टेफ्लॉनच्या भांड्यात केला तर माल खूप कमी झाला, कारण अल्कलीने काच थोडी थोडी विरघळते आणि ती विरघळलेली सिलिकाच मदत करत होती! सत्तर वर्षं सगळे ठिणगीकडे बघत बसले आणि भांडंच रिअॅक्शनमध्ये भाग घेत होतं. आम्हा प्लांटवाल्यांना याचं काही आश्चर्य नाही, "काचेत होतं पण एसएसमध्ये (स्टीलच्या भांड्यात) होत नाही" ही तक्रार आम्ही महिन्यातून एकदा ऐकतो.

मिलरवर खरा आक्षेप असा की सुरुवातीचं वातावरण तितकं हायड्रोजनने भरलेलं नसावं, जास्त करून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन असावा. मान्य. पण अमिनो आम्लं तर आकाशातूनही पडतात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत सत्तरच्या वर अमिनो आम्लं सापडली, आणि बेन्नू लघुग्रहावरून नासाने २०२३ मध्ये आणलेल्या नमुन्यात आपण वापरतो त्या वीसपैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएचे पाचही बेस (अक्षर कुठलं ते ठरवणारा भाग) निघाले. अॅडेनीन तर जॉन ओरोने १९६० मध्येच अमोनियम सायनाइड गरम करून काढलं होतं. नीट बघितलं तर अॅडेनीन म्हणजे हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू एकमेकांना जोडलेले, दुसरं काही नाही. ज्या विषाने माणूस मरतो त्याचे पाच रेणू जोडले की जनुकाचं एक अक्षर होतं.

खरी गोची साखरेत होती. आरएनएमध्ये रायबोज लागते. फॉर्मल्डिहाइड आणि चुना घेऊन साखर बनते हे बुटलेरोव्हने १८६१ मध्येच दाखवलं, पण ती रिअॅक्शन थांबतच नाही. गुऱ्हाळात काहिली वेळेवर उतरवली नाही की पाक पुढे जातो आणि जळका वास सुटतो, अगदी तसंच, आधी पिवळं, मग तपकिरी, आणि त्यात डझनावारी साखरा, रायबोज चिमूटभर. आणि मिळालेली रायबोज बेसला जोडायला गेलास तर नीट जोडलीच जात नाही. पन्नासेक वर्षं लोक या भिंतीवर डोकं आपटत होते.

मग २००९ मध्ये मँचेस्टरला पाउनर, गेरलँड आणि सदरलंड यांनी जे केलं ते मला माझ्या करिअरमध्ये वाचलेल्या सगळ्यात सुंदर सिंथेसिसपैकी वाटतं. ते म्हणाले साखर आणि बेस वेगवेगळे करून जोडायचेच कशाला? सायनामाइड आणि ग्लायकोलाल्डिहाइडपासून एक छोटा रेणू केला, ज्यात अर्धी साखर आणि अर्धा बेस दोन्ही आहेत, त्यावर ग्लिसराल्डिहाइड, मग सायनोअॅसिटिलीन, आणि शेवटी फॉस्फेट. थेट अक्षर तयार, रायबोज सुटी कधी बनलीच नाही. आणि त्यातली गोम अशी की फॉस्फेट शेवटी लागतो पण ते त्यांनी पहिल्यापासून भांड्यात ठेवलं, आणि त्यानेच पीएच सांभाळला आणि पहिली पायरी स्वच्छ केली. नंतर अतिनील प्रकाश टाकला तर नको असलेला माल तुटतो आणि हवा असलेला तगतो. मी ते वाचून आमच्या डेव्हलपमेंटवाल्या मुलीला म्हणालो, बघ, आपण दर स्टेपला कॉलम मारतो आणि या लोकांनी उन्हाला प्युरिफिकेशन करायला लावलंय.

फॉस्फेटवरून आठवलं, हा भाग आपल्या घराजवळचा आहे. समुद्रात किंवा नदीत फॉस्फेट टिकत नाही, कॅल्शियम त्याला पकडून दगड करून टाकतं. मग एवढं फॉस्फेट आणायचं कुठून? टोनर आणि कॅटलिंग या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या दोघांनी २०१९ च्या शेवटी दाखवलं की सोडा तळ्यांत कार्बोनेट इतकं असतं की कॅल्शियम त्यातच अडकून खाली बसतं आणि फॉस्फेट मोकळं राहून साठत जातं, समुद्राच्या पन्नास हजार पटीपर्यंत. त्यांनी पाहिलेल्या तळ्यांत कॅलिफोर्नियाचं मोनो, केनियाचं मगाडी आणि आपलं बुलढाण्याचं लोणार आहे. तेच लोणार जे जून २०२० मध्ये गुलाबी झालं आणि सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरलं. आता लगेच "जीव लोणारला झाला" असं कोणाला सांगत सुटू नकोस, लोणारचा खड्डा जीवाच्या वयाच्या मानाने कालचा आहे आणि त्यात आज जंतूच जंतू आहेत. पण तसलं तळं कसं वागतं ते बघायला तिथे जाता येतं. मी गेलो होतो तेव्हा काठावर पांढरा खारट थर सुकलेला होता, बोटाने उचलला तर पापुद्र्यासारखा निघतो, आणि हाताला तो साबणासारखा बुळबुळीत लागतो.

तो पापुद्रा माझ्या पाण्याच्या भांडणाचं उत्तर आहे. पाणी शत्रू आहे ते सतत असलं तर. मिठागरात काय होतं? भरतीचं पाणी घेतलं, ऊन लागलं, पाणी उडालं, उरलं ते घट्ट. सुकताना पाणी बाहेर जातं म्हणजे पाणी काढून टाकणारा जोड आपोआप तयार व्हायला वाव मिळतो, ओलं झालं की तुकडे हलून नवीन जागी बसतात, परत सुकतं. डेव्हिड डीमर वर्षानुवर्षं गरम झऱ्यांच्या काठची ही ओल-सुकीची केमिस्ट्री करतोय, आणि पुण्यात आयसरला सुधा राजामणींची लॅब याच विषयावर काम करते, फॅटी अॅसिडचे पडदे (पेशीच्या आवरणासारखे) आणि ओल-सुकीची चक्रं. म्हणजे तुला हे बघायला अमेरिकेला जायची गरज नाही, पाषाण रोडपर्यंत गेलास तरी पुरे. फुकट काही नसतं अर्थात, सुकवताना गरम आणि आम्लधर्मी झालं की साखरेवरचा बेस गळून पडतो, अक्षर पुसलेली साखळी उरते. दुसरा रस्ता मातीचा: जेम्स फेरिसने १९९६ मध्ये माँटमोरिलोनाइट या चिकणमातीवर, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या कुळातल्या मातीवर, आधीच अॅक्टिव्हेट केलेली अक्षरं टाकून पन्नास अक्षरांपर्यंत साखळ्या वाढवल्या, त्याही पाण्यात! माझं मशीन त्या लांबीला घाम गाळतं. आणि २००३ मध्ये शोस्टाकच्याच लॅबने दाखवलं की तीच माती फॅटी अॅसिडचे फुगे लवकर बनवते आणि कधी कधी स्वतः आरएनएसकट त्या फुग्याच्या आत जाऊन बसते.

आता कॉपी काढण्याबद्दल, कारण जीव म्हणजे नुसता माल नाही, माल स्वतःची प्रत काढतोय आणि प्रतीत थोड्या चुका होताहेत, तिथून डार्विन सुरू होतो. आधी कोंबडी-अंडं होतं: प्रोटीन बनवायला जनुक लागतं आणि जनुकाची कॉपी काढायला प्रोटीन. १९८२ मध्ये टॉम चेकला सापडलं की आरएनए स्वतःच एन्झाइमचं काम करतं, म्हणजे माहितीही तेच आणि कामगारही तेच. आणि मग २००० मध्ये रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रोटीन जोडणाऱ्या यंत्राची, रचना स्पष्ट दिसली, ज्यासाठी पुढे २००९ चं नोबेल आपल्या बडोद्यात शिकलेल्या वेंकी रामकृष्णन यांना दोघांबरोबर मिळालं. त्यात दिसलं काय, तर तुझ्या शरीरातलं प्रत्येक प्रोटीन जिथे जोडलं जातं त्या नेमक्या जागी प्रोटीन नाहीच, आरएनए आहे. माझ्या मते आख्ख्या विषयातला हा सगळ्यात जबरदस्त पुरावा आहे, आणि व्याख्यानात तो कधीच येत नाही. जुन्या वाड्याला नंतर कितीही सिमेंट लावलं तरी आतली सागवानी तुळई दिसली की कळतं ना मूळ बांधकाम कशाचं होतं, तसं.

लॅबमध्ये जेराल्ड जॉयसच्या गटाने २००९ मध्ये दोन आरएनए एन्झाइम केले जे एकमेकांना बनवतात, साधारण तासाला दुप्पट. पण त्यांना लागणारे तुकडे तयार करून घालावे लागतात. म्हणजे रेसिपी पुढे सरकतेय, पण भाजी चिरून देणारा कोणीतरी अजून किचनमध्ये उभा आहे.

आणि हाच माझा या क्षेत्रावरचा खरा आक्षेप, जो तुझ्या व्याख्यानवाल्यांनी घ्यायला हवा होता. सदरलंडच्या रूटमध्ये प्रत्येक पायरीला शुद्ध माल, योग्य वेळी, योग्य प्रमाणात घातलाय. निसर्गात सायनामाइडची बाटली कोणी उघडली? ग्लायकोलाल्डिहाइड आणि ग्लिसराल्डिहाइड एकत्र असले तर आधी एकमेकांनाच भिडतात. फॅटी अॅसिडच्या फुग्याला मॅग्नेशियम चालत नाही, फुटतो, आणि आरएनएची कॉपी काढायला मॅग्नेशियम लागतंच. यावर शोस्टाकने २०१३ मध्ये सायट्रेटचा तोडगा काढला, चालतो, पण मग सायट्रेट एवढं कुठून आलं हा प्रश्न उभा राहतो. रूट कागदावर असणं आणि प्लांट चालणं यात काय अंतर असतं ते मी रोज बघतो. समुद्रतळाच्या गरम झऱ्यांवाले लोक वेगळेच, ते म्हणतात आरएनए नंतर, आधी मेटाबॉलिझम (ऊर्जा वापरत चालणारं रसायनांचं चक्र), आणि त्यासाठी २००० मध्ये अटलांटिकमध्ये सापडलेल्या लॉस्ट सिटीच्या चुनखडी मनोऱ्यांकडे बोट दाखवतात. त्यांचं एनर्जीचं म्हणणं मला पटतं, पण तिथे सुकायला जागाच नाही, म्हणून माझा कल जमिनीवरच्या तळ्यांकडे. हा कल आहे, निकाल नाही.

डाव्या-उजव्याचा प्रश्न तू विचारला नाहीस पण विचारायला हवा होतास. काही रेणू डाव्या-उजव्या हातासारखे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. जीवातली साखर एकाच हाताची, अमिनो आम्लं दुसऱ्या हाताची, आणि बेन्नूच्या नमुन्यात तर दोन्ही हात जवळपास समसमान निघाले. माझ्या आरएनएमध्ये रायबोज एकाच हाताची असते, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ती बॅक्टेरिया वापरून फर्मेंटेशनने केलेली असते, म्हणजे हात जीवाकडूनच उसना घेतलेला. हार्वर्डला ओझतुर्क आणि ससेलोव्ह यांनी २०२३ मध्ये चुंबकीय मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागावर आरएनएच्या आधीचा एक रेणू स्फटिक करून जवळजवळ एकाच हाताचा मिळवला, आणि तो रेणू नेमका सदरलंडच्या रूटवरच बसतो. हे अजून दुसऱ्या-तिसऱ्या ठिकाणी भरपूर वेळा झालेलं मला बघायचंय, पण दिशा भारी आहे.

कोणी म्हणेल मग जीव बाहेरून आला असेल. आपल्या नारळीकर सरांचा फ्रेड हॉइलबरोबर या कल्पनेकडे ओढा होता, आणि नुसतं बोलून न थांबता त्यांनी हैदराबादहून बलून सोडून चाळीसेक किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने घ्यायचे प्रयोग केले. त्यात नव्या जातीचे जंतू सापडले, एकाचं नाव हॉइलवरून ठेवलंय. मला त्या प्रयोगाबद्दल आदर आहे, पण जीव दुसरीकडून आला म्हटलं तरी तिथे तो कसा झाला हा प्रश्न तसाच राहतो, फक्त तपासायला अजून लांब जातो.

आता विश्वासाबद्दल. जीव नेमका कसा झाला, कुठल्या तळ्यात, कुठल्या क्रमाने, हे कदाचित कधीच कळणार नाही, कारण तेव्हाचे दगडच फारसे उरले नाहीत आणि रेणूंचे जीवाश्म होत नाहीत. पण "असा होऊ शकतो" हे दाखवणं वेगळं, ते प्रयोगाने चूक किंवा बरोबर ठरवता येतं, आणि गेल्या वीस वर्षांत ते मी डोळ्यांसमोर पुढे जाताना बघितलंय. मला पटायला काय लागेल विचारशील तर: एक भांडं, सहा-सात साधे पदार्थ, ऊन, ओल, सुकी, आणि महिनाभर कोणी हात लावायचा नाही. शेवटी आत स्वतःची प्रत काढणारं काहीतरी, आणि दुसऱ्या महिन्यात ते पहिल्या महिन्यापेक्षा वेगळं. ते अजून कोणी दाखवलेलं नाही.

आणि तुला यात यायचं असेल तर ऑरगॅनिकपेक्षा अॅनालिटिकल पक्कं कर, खास करून मास स्पेक्ट्रोमेट्री (वजनावरून रेणू ओळखणं). माल बनवणारे खूप आहेत. मिलरच्या फ्लास्कला चिकटलेल्या त्या काळ्या डांबरात नेमकं काय काय आहे हे नीट वाचू शकणारी माणसं कमी आहेत. एमएस्सीला स्पेशलायझेशन निवडताना कोणी "अॅनालिटिकलला नुसती क्यूसीची (माल तपासायची) नोकरी लागते" म्हणालं तर ऐकून घे आणि फॉर्म भर.